मदत हवी आहे: सोल-डिस्कोची पूर्ण लांबीची गाणी कुठे मिळतील?

मंडळी, नमस्कार. सकाळी डबे करताना आमच्या स्वयंपाकघरात सत्तरच्या दशकातलं अमेरिकन सोल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय गायकांचं भावपूर्ण संगीत, चालू असतं. बिल विदर्सच्या १९७७च्या ‘लव्हली डे’मध्ये शेवटी तो एकच सूर जवळपास १८ सेकंद धरतो, तेवढ्यात माझी एक पोळी लाटून होते.

संध्याकाळच्या आवराआवरीला मात्र डिस्को. त्यातही फिलाडेल्फियाचं: गॅम्बल आणि हफ ही गीतकार-निर्मात्यांची जोडी, सिग्मा साउंड स्टुडिओ आणि ड्रमवर अर्ल यंग. चारही मात्रांवर पायाचा ठोका, मधल्या जागी उघड्या हाय-हॅटची (ड्रमच्या जोडझांजांची) ‘त्स्स’, वरून व्हायोलिनं. दिवसभर दमलेल्या माणसाचेही हात भराभर चालायला लागतात.

अडचण अशी की ॲपवर बरेचदा रेडिओसाठी कापलेली तीन-साडेतीन मिनिटांची गाणीच समोर येतात. टॉम मोल्टन या रीमिक्सकाराने वाढवलेल्या मिक्समध्ये (लांब आवृत्त्यांमध्ये) गाणं मधेच रिकामं होतं, नुसते ड्रम आणि बेस उरतात, मग एकेक वाद्य परत येतं. खरी मजा तिथेच आहे आणि नेमकं तेच कापलेलं असतं!

तर जाणकारांनो, मोल्टनच्या मिक्सचा चांगला संग्रह कोणता? मुंबई-पुण्यात १२ इंची डिस्को तबकड्या कुणाकडे मिळतात, आणि जुनी तबकडी घेताना काय तपासायचं?

शिवाय रात्री मुलं झोपल्यावर हळू आवाजात ऐकायला मेंफिसचं सोल हवंय. अल ग्रीन आणि ॲन पीबल्स भरपूर ऐकलेत. त्यांच्या पुढचं सुचवा, शक्यतो आख्खे अल्बम.