हात शिकतात, पण वापरतात किती?

वर एकांनी विचारलंय, की अमेरिकेतले डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) म्हणजे आपल्याकडच्या हाडवैद्यासारखेच ना? नाही. डीओ हे पूर्ण परवान्याचे डॉक्टर असतात. औषधं, शस्त्रक्रिया, सगळं करतात. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज काढलं, तिथून ही परंपरा आली. फरक एवढाच, की एमडीच्या (ही तिकडची डॉक्टरकीची नेहमीची पदवी) अभ्यासावर हाताने करायच्या उपचारांचे साधारण २०० तास जास्तीचे.

माझी भाची तिकडे तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली दोन वर्षं वर्गमित्रांच्याच पाठी-माना दाबून शिकली, आणि तेव्हा तिला मजाही यायची. आता हॉस्पिटलात शिकवणारे बरेचसे एमडी. त्यांच्यासमोर कोण रुग्णाची मान हातात घेणार? एका पेशंटला मिळतात पंधरा मिनिटं, त्यातली निम्मी संगणकात जातात. न वापरलेला हात विसरतोच.

दुसरी अडचण जास्त खरी वाटते. कंबरदुखीसाठी या उपचारांना थोडाफार पुरावा आहे, पण कवटीची हाडं सूक्ष्म हलतात आणि ती बोटांना जाणवतात, हेही त्याच अभ्यासक्रमात. मुलं परीक्षेपुरतं लिहितात आणि बाहेर येऊन हसतात. मग चांगल्या भागावरचाही विश्वास उडतो! २०२० पासून डीओ-एमडींचं रेसिडेन्सीचं, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं, प्रशिक्षण एकाच छत्राखाली आलंय, त्यामुळे वेगळेपण जपायची गरजही कमी वाटते.

भाचीला फॅमिली मेडिसिन करायचंय. ती म्हणते, 'मामा, कंबरेपुरतं ठेवीन, कवटीचं नाही.'