मदत हवी आहे: ‘ऑसम’ सोडून दुसरं काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

सहा महिन्यांपासून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये कामाला आहे. इंग्रजीचं तसं अडत नाही, पण कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की तोंडातून ‘ऑसम’ किंवा ‘सुपर’च निघतं. आपल्याकडे कसं भारी, झकास, लय भारी, एक नंबर, जबरदस्त अशी रांग लागते! आणि कोणता कुठे वापरायचा हे कुणी शिकवावं लागत नाही.

इथले सहकारी ‘ब्रिलियंट’ तर दार उघडून धरलं तरी म्हणतात. ‘मिंट’, ‘लश’, ‘क्लास’ हेही रोज कानावर पडतं. परवा मी साहेबांच्या प्रेझेंटेशनला मनापासून ‘क्वाइट गुड’ म्हणालो, तर त्यांचा चेहरा पडला. नंतर कळलं, अमेरिकेत ते ‘खूप छान’, इथे मात्र ‘बरंय, चालेल’! उलट ‘नॉट बॅड’ म्हणजे चक्क शाबासकी. आयरिश मैत्रीण ‘ग्रँड’ म्हणते तेव्हा भव्य वगैरे काही नसतं, नुसतं ‘ठीक आहे’. ‘विकेड’, ‘सिक’ या शिव्या नसून स्तुती आहे, एवढं समजलंय. पण चाळिशीतल्या माणसाने ‘सिक’ म्हटलं तर हसं होईल का?

तर इंग्लंडमध्ये बरीच वर्षं राहिलेल्यांनी सांगा: ऑफिसात साहेबांसमोर चालतील असे शब्द कोणते, फक्त पबमध्ये शोभणारे कोणते आणि जुनाट वाटणारे कोणते? ‘स्मॅशिंग’ अजून कुणी म्हणतं का? शक्यतो एखादं वाक्यही द्या, नुसत्या समानार्थी शब्दांच्या याद्या माझ्याकडे पुष्कळ आहेत.