डब्लिनची श्रीमंती आणि हेन्रिएटा स्ट्रीट

आयर्लंडची राजधानी डब्लिन फार श्रीमंत, असं दरडोई उत्पन्नाचे आकडे देऊन सांगितलं जातं. त्या आकड्यांवर फार भिस्त नको. २०१५ साली आयर्लंडचा जीडीपी वर्षभरात सुमारे पाव पटीने वाढला! लोकांचे पगार तेवढे वाढले असं मुळीच नाही. बड्या कंपन्यांनी बौद्धिक संपदा (पेटंट वगैरे) कागदोपत्री तिकडे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी खात्याला हा फुगवटा वगळणारं वेगळं मोजमाप काढावं लागलं.

डब्लिन कळतं ते घरांवरून. हेन्रिएटा स्ट्रीट अठराव्या शतकात उमरावांची गल्ली होती. १८०१ मध्ये आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट जाऊन कारभार लंडनला गेला, तशी बडी मंडळीही हळूहळू पांगली. मग एकेका दालनात अख्खं कुटुंब कोंबून भाडं वसूल करणं सुरू झालं. १९११ च्या जनगणनेत १४ नंबरच्या एका घरात शंभर माणसं राहत होती. गिरणगावातली चाळच म्हणा, फक्त पडक्या छताला उंची नक्षी. (आता तिथे संग्रहालय आहे, जरूर बघा.)

आयरिश नाटककार शॉन ओकेसीची गाजलेली नाटकं असल्याच वस्तीतली. १९२६ साली एका नाटकात त्याने ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारकांचा झेंडा दारूच्या गुत्त्यात, वेश्येच्या शेजारी आणून दाखवला, तर डब्लिनच्या ॲबी थिएटरात दंगा झाला. थिएटरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कवी यीट्सने स्टेजवर येऊन प्रेक्षकांना झापलं ते वेगळंच.

घरांची बोंब अजून आहेच. ग्रँड कॅनाल डॉककडच्या आयटी कंपनीची ऑफर हातात असेल, तर पगाराच्या आकड्याआधी भाड्याचा आकडा बघा.