आरोग्य शिबिरासाठी हवा भरून उभा राहणारा, सुटे भाग असलेला मंडप: रचना कशी करावी?

उदगीरकर (प्रश्न):

नमस्कार. आमचा काही मित्रांचा गट उदगीर, देवणी आणि जळकोट या तालुक्यांतील गावांमध्ये नेत्रतपासणी व रक्तदाब तपासणीची शिबिरे घेतो. शाळेला सुटी असेल तर वर्गखोली मिळते, एरवी उघड्यावर किंवा भाड्याच्या मंडपात काम करावे लागते; आणि मंडपाचा खर्च व तो उभारण्यात जाणारी सकाळ यांमुळे शिबिराचा निम्मा उत्साह तिथेच संपतो. म्हणून सुमारे ६ मीटर रुंद, ९ मीटर लांब आणि मध्यावर साडेतीन मीटर उंच असा हवेवर उभा राहणारा मंडप स्वतःच बनवून घ्यावा, असा विचार आहे. तो एका पिकअपमध्ये मावावा, चार माणसांनी तासाभरात उभा करावा आणि त्याचा एखादा भाग फाटला तर तेवढाच सोडवून दुसरा लावता यावा, एवढ्याच अपेक्षा आहेत.

पंखा सतत चालू ठेवण्याची पद्धत आणि एकदा हवा भरून तोंड बंद करण्याची पद्धत, यांपैकी आमच्यासाठी योग्य कोणती? भाग सुटे ठेवायचे म्हणजे सांधे वाढणार. मग हवा आणि ताकद दोन्ही सांध्यांतूनच जाणार नाही का? शिवाय आमच्याकडची जमीन काळी आणि एप्रिल-मेमध्ये अवकाळीचा वारा ठरलेला, त्याचे काय करावे? गटात यंत्र अभियांत्रिकी शिकलेले दोघे आहेत, त्यामुळे आकडे दिले तरी चालतील.

संरचना अभियंता, छत्रपती संभाजीनगर:

आपण ज्या उपयोगासाठी ही रचना करू पाहत आहात, तो या प्रकारच्या बांधकामाचा अगदी मूळ उपयोग आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, हवेच्या दाबावर उभ्या राहणाऱ्या तंबूच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला, तो युद्धभूमीवरील रुग्णालयासाठीच. त्यांच्या कल्पनेत संपूर्ण खोलीतच थोडा जास्त दाब ठेवायचा होता. त्या पद्धतीत दार उघडले की हवा जाते, म्हणून दोन दारांची मधली खोली लागते आणि पंखा क्षणभरही थांबून चालत नाही. रुग्णांची सतत ये-जा असलेल्या शिबिरासाठी ती पद्धत मी सुचवणार नाही. दुसरी पद्धत म्हणजे हवा फक्त कमानींच्या नळ्यांमध्ये भरायची आणि आतली जागा मोकळी ठेवायची. ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनातील फुजी दालन याच तत्त्वावर, सुमारे ४ मीटर व्यासाच्या १६ कमानी एकमेकींना चिकटून उभ्या करून बांधले होते. आपल्याला तीन-तीन मीटर अंतरावर चार कमानी पुरतील.

आता दाबाविषयी. हवेने फुगलेल्या नळीला वाकवत नेले की एका बाजूच्या कापडातील ताण शून्यावर येतो आणि तिथे सुरकुती पडते. सुरकुती पडण्याचा क्षण दाबाच्या प्रमाणात पुढे जातो, परंतु त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात पुढे जातो, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत १० किलोपास्कल दाब असेल तर ती सुमारे १२५ न्यूटन-मीटर इतके वाकवणारे आघूर्ण (बल गुणिले अंतर) सुरकुतीशिवाय सहन करते. त्याच दाबाला व्यास ६० सेंटिमीटर केला की हा आकडा ४२० च्या पुढे जातो, आणि दाब २० किलोपास्कल केला की साडेआठशेच्या आसपास. आपल्या आकाराच्या कमानीवर मध्यम वाऱ्यात काही शे न्यूटन-मीटर आघूर्ण येईल असे धरले, तर ६० सेंटिमीटर व्यास व २० किलोपास्कल दाब हा प्रारंभासाठी योग्य अंदाज ठरतो. सतत पंख्यावर चालणाऱ्या नळ्यांत दाब साधारण दीड किलोपास्कल असतो. तेवढ्या दाबावर हीच ताकद हवी असेल तर व्यास १.४ मीटरच्या घरात न्यावा लागतो. जत्रेत मुले ज्यावर उड्या मारतात त्या ‘मिकी माऊस’चे खांब एवढे जाडजूड का असतात, याचे उत्तर यात आहे. खेडोपाडी विजेचा भरवसा नसताना शिबिर पंख्याच्या आधारावर उभे करणे मला पटत नाही. बंद नळीच घ्यावी, आणि प्रत्येक कमान हा स्वतंत्र बंद कप्पा असावा, म्हणजे एक गळाली तरी उरलेल्या तीन कमानी छत धरून ठेवतील.

मात्र बंद नळीला उन्हाचा धोका आहे. सकाळी २५ अंशांना २० किलोपास्कल दाब भरला आणि दुपारी आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर बाहेरच्या हवेच्या तुलनेतील दाब ३३ किलोपास्कलच्या जवळ जातो, कारण उष्णतेने वाढतो तो एकूण दाब आणि आपण मोजतो तो फक्त वरचा फरक. म्हणून प्रत्येक कप्प्याला २५ किलोपास्कलच्या आसपास आपोआप उघडणारी सुरक्षा झडप असलीच पाहिजे. दुपारी तिने सोडलेली हवा संध्याकाळी गारवा आल्यावर कमी पडते, तेव्हा पंपाने थोडी भर घालावी लागेल हेही लक्षात ठेवावे.

आपला खरा प्रश्न सांध्यांचा आहे. माझे उत्तर असे की हवा धरणारा भाग आणि भार धरणारा भाग वेगळे ठेवले तर सांध्यांची निम्मी चिंता मिटते. आत पातळ थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची हवाबंद पिशवी आणि बाहेर मजबूत विणीच्या पॉलिस्टरचे आवरण अशी कमान करावी. पिशवी आवरणापेक्षा किंचित मोठी कापावी, म्हणजे ती पूर्ण ताणली जाण्याआधीच आवरण भार घेते. ६० सेंटिमीटर व्यास आणि २० किलोपास्कल दाबाला आवरणात परिघाच्या दिशेने दर मीटरला ६ किलोन्यूटन ताण येतो, लांबीच्या दिशेने त्याच्या निम्मा. यावरूनच आवरणाचे उघडणारे तोंड कुठे ठेवावे तेही ठरते: नळीच्या लांबीबरोबर चेन लावली तर तिच्यावर पूर्ण ताण येईल, टोकाशी गोलाकार लावली तर निम्मा. पिशवी बदलताना पायजम्यात नाडी ओवावी तशी ती दोरीला बांधून आवरणातून ओढून घ्यावी. मग काटा रुतला तर कमान कारखान्यात न्यावी लागणार नाही, गावातच पिशवी बदलता येईल.

छत कमानींना कायमचे जोडू नये. छतावर कमानीच्या रेषेत जाड नवारीच्या पट्ट्या शिवून त्यांतील फासे कमानीवरील कड्यांत अडकवावेत. कमानींना एकमेकींशी जोडणाऱ्या आडव्या नळ्यांनाही हाच नियम. कमानीचे दोन्ही पाय बाहेर सरकू पाहतात, त्यांना जमिनीवरील सतरंजीखालून जाणारी रुंद पट्टी आरपार बांधावी. ही पट्टी विसरली तर बाकी सर्व हिशेब व्यर्थ आहे.

ताडपत्री कारागीर, लातूर:

वरील उत्तर बहुतांशी मान्य आहे, परंतु कारखान्यातील अनुभवावरून काही गोष्टी जोडतो.

आत पिशवी, बाहेर आवरण ही पद्धत चांगली आहे, पण आपल्या भागात पातळ पॉलियुरेथेनची पिशवी जोडून देणारे कारागीर सहज मिळत नाहीत. ट्रकची ताडपत्री आणि शेततळ्याचे कापड जोडणारे मात्र जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. पण यातही फरक आहे: शेततळ्याचा कागद बहुधा पॉलिथिलिनचा असतो, तो गरम हवेच्या यंत्राने जोडला जातो, उच्च वारंवारतेच्या दाबयंत्रावर जोडला जात नाही. पीव्हीसी चढवलेले पॉलिस्टर कापड दोन्ही यंत्रांवर जोडले जाते. म्हणून पहिला नमुना दर चौरस मीटरला ६५० ते ७०० ग्रॅम वजनाच्या पीव्हीसी कापडाची एकाच थराची कमान करून बनवावा, असे मी सुचवेन. सुमारे दहा मीटर लांबीच्या एका कमानीला १९-२० चौरस मीटर कापड लागते, म्हणजे वजन तेरा-चौदा किलो. चार कमानी, हलक्या कापडाचे छत आणि दोऱ्या मिळून सर्व सामान पिकअपच्या एका कोपऱ्यात बसेल.

जोडाबाबत एकच नियम पाठ करावा. दोन कापडे एकमेकांवर ठेवून जोडलेली असताना ती बाजूला ओढली तर जोड कापडाइतकाच टिकतो, पण तोच जोड सोलल्यासारखा ओढला तर फार थोड्या ताकदीने उकलतो. कड्यांच्या पट्ट्या नळीवर चिकटवताना त्यांची ओढ नळीच्या पृष्ठभागालगत जाईल अशी दिशा ठेवावी. पट्टी नळीपासून सरळ बाहेर ओढली जात असेल तर तिला दोन्ही बाजूंना पाय असावेत आणि पायांची टोके गोल कापावीत, कारण उकलण्याची सुरुवात कोपऱ्यातूनच होते. जोडाची रुंदी ४ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. उन्हात तापलेले पीव्हीसी मऊ पडते आणि जोडाची ताकद घटते, त्यामुळे हिशेबात निदान पाचपट राखीव ताकद धरावी.

दारे आणि बाजूच्या भिंती चेनने सुट्या करता येतील. चेन मोठ्या दातांची, दहा नंबरची घ्यावी. बारीक दातांच्या चेनमध्ये आपल्याकडची काळी माती एका हंगामात घट्ट बसते. चेन ही केवळ फट बुजवण्यासाठी आहे, ओढ सहन करण्यासाठी नाही. तिच्या शेजारी बकल असलेली नवारीची पट्टी चेनपेक्षा थोडी आखूड ठेवावी, म्हणजे ओढ पट्टीवर जाईल. झडपा मात्र सर्व कमानींना एकाच मापाच्या लावाव्यात आणि छातीच्या उंचीवर ठेवाव्यात, नाहीतर प्रत्येक वेळी शिडी शोधावी लागेल.

गळती तपासताना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत हे सर्वांना माहीत असते. दाब टिकतो की नाही हे पाहायचे असेल तर पहाटेच्या आकड्याची तुलना दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्याच आकड्याशी करावी. दुपारी भरून रात्री मोजणारे गिऱ्हाईक नेहमीच गळतीची तक्रार घेऊन येते.

मंडपवाला, अंबाजोगाई:

हवेच्या मंडपाचा मला अनुभव नाही, कापडी मंडपाचा आहे. वारा आणि जमीन मात्र दोघांना सारखीच. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, पहारीने ठोकलेला खुंट भेगेजवळ असेल तर हाताने उपटून येतो आणि पाऊस पडल्यावर तीच जमीन लोण्यासारखी होते. शाळेचे मैदान मुरमाचे असेल तर खुंट ठोकावेत, अन्यथा वजनावर भरवसा ठेवावा. २०० लिटरचे पाण्याने भरलेले पिंप म्हणजे २०० किलो, पण मे महिन्यात गावात टँकर चालू असताना शिबिरासाठी सोळाशे लिटर पाणी मागणे शोभत नाही. सिमेंटची रिकामी पोती जवळ ठेवावीत, गावातच मातीने भरावीत आणि प्रत्येक पायावर रचावीत. जाताना माती तिथेच ओतून पोती परत आणावीत.

चेन आणि बकलविषयी माझे मत वेगळे आहे. छत आणि भिंती दोरीने गुंफाव्यात. बकल तुटले तर जळकोटच्या बाजारात मिळणार नाही, दोरी कुठेही मिळते. वेळ दहा मिनिटे जास्त लागेल, तो लागू द्यावा.

खालची सतरंजी टाकण्याआधी जागा खराट्याने झाडून घ्यावी. बाभळीचा काटा ताडपत्रीतूनही वर येतो. आणि घडी घालण्यापूर्वी कापड पूर्ण वाळवावे व उंच टांगून ठेवावे. गोदामातील उंदीर वाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतात.

उदगीरकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकाच थराच्या पीव्हीसी कापडाची एक कमान आधी करून पाहू, आणि भिंती दोरीने व दार चेनने अशी तडजोड गटाला पटली आहे. एक शंका उरते. वाऱ्याच्या कोणत्या वेगापर्यंत मंडप उभा ठेवावा, आणि त्यासाठी किती वजन लागेल?

संरचना अभियंता, छत्रपती संभाजीनगर:

वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे: वेग मीटर प्रति सेकंद या मापात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर येते. १५ मीटर वेगाला १३५, २० मीटरला २४०. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात औरंगाबादसाठी पक्क्या इमारतींचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, त्याला हा आकडा ९०० च्या पुढे जातो. पिकअपमधून नेण्याचा मंडप त्या वादळासाठी रचायचा म्हटले तर तो पिकअपमध्ये मावणार नाही. म्हणून अशा रचनेत वेगाची मर्यादा आधी ठरवावी लागते आणि ती ओलांडण्याआधी मंडप रिकामा करण्याचा नियम पाळावा लागतो.

माझ्या मते रचना २० मीटरसाठी करावी आणि माणसे १२ मीटरलाच बाहेर काढावीत. २० मीटर वेगाला ५४ चौरस मीटर छतावर वर उचलणारे बल ढोबळपणे ९ किलोन्यूटन, म्हणजे ९०० किलो वजनाइतके येते. आठ पायांवर प्रत्येकी २०० किलो ठेवल्यास उचलण्यापुरती पुरेशी राखीव ताकद मिळते. परंतु पोती जमिनीवरून घसरूही शकतात, म्हणून मुरमाच्या जागी वजन आणि खुंट दोन्ही वापरावेत आणि वाऱ्याच्या बाजूला बाहेरून तिरक्या ताणदोऱ्या द्याव्यात. हातात धरून वेग मोजण्याचे छोटे यंत्र फार महाग नसते. ते एकाच माणसाच्या हाती द्यावे आणि मंडप रिकामा करण्याचा निर्णयही त्याच्याकडेच असावा, डॉक्टरांकडे किंवा सरपंचांकडे नव्हे.

मंडप उतरवताना आधी भिंती सोडाव्यात, मग छत, आणि शेवटी कमानींची हवा. वारा सुटलेला असताना घाईत आधी हवा सोडली तर छत शिडासारखे फुगते आणि चार माणसांना आवरत नाही.