लाहैनाच्या वणव्यानंतर राबलेल्या स्थानिकांचा सत्कार 500 डॉलरच्या डिनरमध्ये, पटतंय का तुम्हाला?

केतकी_फ्रीमाँट
आमच्या ऑफिसने एका चॅरिटी डिनरचं अख्खं टेबल घेतलंय आणि मला येतेस का विचारलंय. डिनर हवाईतल्या माउई बेटावरच्या लाहैनासाठी आहे, 8 ऑगस्ट 2023 च्या वणव्यात जे गाव जळालं तेच. 102 माणसं गेली, दोन हजारांच्या वर इमारती राख झाल्या. तिकडे पुनर्वसनात पुढे असलेल्या काही स्थानिक लोकांचा या डिनरमध्ये सत्कार होणारे. तिकीट 500 डॉलर, वर सायलेंट ऑक्शन (कागदावर बोली लिहायची) आणि पॅडल रेझ, म्हणजे स्टेजवरून आकडा पुकारतात आणि ज्याला तेवढे द्यायचेत तो नंबराची पाटी वर करतो. मी नाही म्हणणारे.

सत्काराला माझा विरोध नाही, या लोकांचं कौतुक करावं तेवढं कमीच आहे. पहिले काही दिवस रस्ता बंद होता, सरकारी मदत नीट पोचत नव्हती, तेव्हा लोकांनी आपापल्या बोटी आणि जेट-स्की काढून किनाऱ्यावर पाणी, पेट्रोल, डायपर, औषधं उतरवली. लेइआलिई वस्तीत आर्ची कलेपा म्हणून आहेत, लाइफगार्डच्या कामात आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी आपल्या घरीच मदतीचं केंद्र सुरू केलं. शेजारी कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचे आजोबा चालू शकत नाहीत, कोणाच्या घरी तान्हं बाळ आहे हे गावातल्याच माणसाला माहीत असतं ना, बाहेरून विमानाने आलेल्या संस्थेला ते कळायला महिने जातात. मग ज्यांना हे सगळं कळतं त्यांना शाल-श्रीफळ देऊन टाळ्या वाजवायच्या आणि जमलेला पैसा कुठे जाणार ते मात्र इथल्या बोर्डाने बंद दाराआड ठरवायचं, हे मला पटत नाही. निमंत्रणात मेनू आहे, कपडे कसे घालायचे ते आहे, पण पैसे कोण वाटणार आणि सत्कारमूर्तींना त्यात काही विचारणार का, यावर एक ओळ नाही.

अभिजित_दे
साफ असहमत. मी बरीच वर्षं इथल्या एका छोट्या संस्थेच्या फंडरेझिंग कमिटीवर काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपत्तीनंतर पहिले दोन-तीन महिने पैसा मागावा लागत नाही, टीव्हीवर धूर दिसतोय तोवर लोक देतात. कॅमेरे गेले की ओघ आटतो, आणि खरा खर्च तर तेव्हा सुरू होतो, घराचं परमिट, विमा कंपनीशी भांडण, भाडं, शाळा बदललेली मुलं, झोप उडालेले म्हातारे. त्या वेळी कोणालातरी हॉल घेऊन लोकांना एका ठिकाणी आणून बसवावंच लागतं. लिंक पाठवली की 50 डॉलर देऊन विसरणारा माणूस, तिथे घर गेलेल्या माणसाच्या तोंडून दहा मिनिटं ऐकलं की 5000 ची पाटी वर करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जेवणाचा खर्च बऱ्याचदा स्पॉन्सर उचलतात, तुमच्या तिकिटातून जातोच असं नाही. शंका असेल तर संस्थेचा फॉर्म 990, म्हणजे करखात्याला दरवर्षी द्यायचं विवरण, काढा, त्यातलं शेड्यूल जी बघा, कार्यक्रमातून जमा किती, जेवण-हॉल-करमणूक यावर खर्च किती, सगळं लिहावं लागतं. ते न बघताच नाही म्हणायचं हे बरोबर नाही.

श्रीपाद_नाशिक
मधली ही सगळी यंत्रणा हवीच कशाला? टीव्हीवरची ओप्रा विन्फ्री आणि नट ड्वेन जॉन्सन यांनी ऑगस्ट 2023 च्या शेवटी 1 कोटी डॉलर घालून पीपल्स फंड ऑफ माउई काढला. बेघर झालेल्या प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला 1200 डॉलर, सहा महिने. एकूण 6 कोटींच्या आसपास रक्कम 8100 लोकांपर्यंत गेली. तेव्हा नेटवर केवढी झोड उठली होती, स्वतः अब्जाधीश असून आमच्याकडे काय मागता म्हणून, तो राग मी समजू शकतो, पण पैसा थेट माणसाच्या हातात पडला हे खरं आहे. त्याआधी 2016 मध्ये टेनेसीच्या डोंगरात गॅटलिनबर्गजवळ वणवा लागला तेव्हा गायिका डॉली पार्टनने हेच केलं होतं, घर गेलेल्या कुटुंबांना महिन्याला 1000 डॉलर. ना समिती, ना सत्कार. ज्याचं घर जळालंय त्याला आधी काय घ्यायचं हे शिकवायला जाऊ नये.

अभिजित_दे
@श्रीपाद, सहा महिने, आणि सातव्या महिन्यात? मी त्या फंडाला नावं ठेवत नाहीये, चांगलंच काम होतं. पण रोख रकमेतून माणूस तगतो, गाव उभं राहत नाही. हवाई कम्युनिटी फाउंडेशनच्या माउई स्ट्राँग फंडात 20 कोटी डॉलरच्या आसपास जमले आणि ते हळूहळू संस्थांमार्फत घरं, आरोग्य, समुपदेशन यावर जातायत, लोकांना तो वेग सहन होत नाही हे मान्य, तरी तेही लागतंच.

वायलुकूकर
मी माउईवरच राहतो, डोंगराच्या या बाजूला वायलुकूला. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

श्रीपाद म्हणतात ते 1200 डॉलर इथे लोकांना फार उपयोगी पडले, पण त्यातला बराचसा पैसा भाड्यातच गेला. वणव्यानंतर हजारो लोक हॉटेलांत राहत होते, त्यांना तिथून हलवायला अमेरिकी सरकारच्या आपत्ती विभागाने, फेमाने, घरमालकांना चढी भाडी देऊन घरं घेतली, मग बाकीच्यांनाही तेवढीच भाडी सांगायला लागले. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने या काळात चार घरं बदलली, मुलगी अजूनही आपली दप्तराची बॅग दाराजवळ भरून ठेवते.

आणि सत्काराबद्दल. स्टेजवर ज्यांना बोलावतात ती माणसं खरंच मोठी आहेत, प्रश्नच नाही. पण लाहैनात फिलिपिनो लोक किती आहेत ते बघा, हॉटेलात दोन-दोन शिफ्ट करणारी माणसं, स्वतःचं घर गेलेलं असताना हॉटेलच्या किचनमध्ये उभं राहून बेघरांसाठी रांधणारी. ती इलोकानो बोलतात, मुलाखती देत नाहीत, त्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. दोन-चार जणांना निवडून हार घातला की गावात कुजबुज सुरू होते, यांनाच का. अशा वेळी ती फूट परवडत नाही.

लाहैनाच्या जुन्या कोर्टासमोरचा वड तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. भारतातून आणलेलं आठ फुटांचं रोप, एप्रिल 1873 मध्ये लावलेलं, पारंब्यांची खोडं होत होत अर्धा एकराहून जास्त जागा व्यापून बसलेलं. आगीनंतर सगळी पानं करपून तपकिरी झाली होती. झाडांच्या जाणकारांनी साल जरा खरवडून बघितली, आत जीव होता, मग टँकर आणून रोज पाणी, कंपोस्टचं पाणी मुळांना. सप्टेंबरमध्ये हिरवी पालवी फुटली. काही खोडं गेली ती गेलीच, कापावी लागली. ते पाणी घालणारे कंत्राटदार आणि माळी लोक कामधंदा सांभाळून फुकट येत होते. तुमच्या डिनरमध्ये अशा माणसाला कोणत्या रांगेत बसवणार?

अनघा_सिएटल
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय आणि तो कोणी बोलत नाहीये. या डिनरची टेबलं घेणाऱ्यांत माउईवर व्हेकेशन कॉन्डो, म्हणजे टुरिस्टांना भाड्याने द्यायचे फ्लॅट, असलेले किती असतील? कारण सत्कारमूर्ती बहुतेक या कॉन्डोंच्या विरोधातल्या चळवळीतले असणार. लाहैना स्ट्राँग या स्थानिकांच्या गटाचे लोक नोव्हेंबर 2023 पासून लाहैनाजवळच्या कानापालीच्या बीचवर गळ टाकून तळ ठोकून बसले, रिसॉर्टच्या अगदी समोर. किनाऱ्यावर मासे पकडायचा हक्क असल्यामुळे त्यांना उठवता येत नव्हतं. मागणी एकच, टुरिस्टांना दिवसाच्या भाड्याने देता ती घरं आमच्या लोकांना राहायला द्या. मे 2024 मध्ये माउईचे मेयर बिसेन यांनी अपार्टमेंट झोनमधले हजारो कॉन्डो त्या धंद्यातून काढायचा प्रस्तावही मांडला. आता सांगा, सत्कारमूर्तीने माइक हातात घेऊन हेच सांगितलं, की तुमचा कॉन्डो आमच्या लोकांना द्या, तर टाळ्या वाजतील का? का आधीच सांगणार की भाषण तीन मिनिटं आणि आशादायक ठेवा? केतकी म्हणते ते हेच आहे, माणूस हवा पण त्याचं म्हणणं नको.

अभिजित_दे
@अनघा, मुद्दा जोरदार आहे पण माझा निष्कर्ष बरोबर उलटा निघतो. कॉन्डोवाला आणि बेघर माणूस एरवी कुठे समोरासमोर येतो? काउन्सिलच्या सुनावणीत, एकमेकांवर ओरडताना. एका टेबलावर जेवले तर निदान ऐकून तरी घेतील. आणि कॉन्डो बंद करणं इतकं सोपंही नाही, हवाई विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनीच सांगितलंय की त्याने घरांच्या किमती उतरतील पण नोकऱ्या जातील आणि काउंटीचं कराचं उत्पन्नही घटेल. हॉटेलात शिफ्ट करणाऱ्या ज्या लोकांबद्दल वायलुकूकर कळवळून लिहितायत त्यांच्यावरच ते येईल. पैसा देणाऱ्यांना गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं करून पुनर्वसन होत नाही.

अनघा_सिएटल
पिंजऱ्यात कोण उभं करतंय? भाषणाला कात्री लावू नका एवढंच म्हणतेय. ऐकायचं असेल तर पूर्ण ऐका.

रोहन_पी
एक बेसिक प्रश्न. वीज कंपनी, राज्य, काउंटी वगैरे सगळ्यांनी मिळून 4 अब्ज डॉलरची भरपाई कबूल केलीये ना 2024 मध्ये? मग अजून डिनर कशाला?

वायलुकूकर
@रोहन, ती भरपाई दावा लावणाऱ्यांची, ज्याची त्याची, आणि ती हातात यायला केवढा काळ जातो. त्यातून मदतकेंद्राचं वीजबिल भरलं जात नाही, मुलांसाठी समुपदेशक ठेवता येत नाही.

आणि गवत. ते तर कोणी धरतच नाही. पायोनियर मिल ही साखर गिरणी 1999 मध्ये बंद झाली, उसाची शेतं तशीच पडली, गावाच्या डोक्यावर उतारभर गिनी गवत माजलं, उन्हाळ्यात वाळून कोळ. 2023 च्या वणव्याच्या दिवशी सकाळी तुटलेल्या तारेत वीज परत सोडली, त्यातून आग लागली, विझली असं समजून बंब गेले आणि दुपारी तीच वाऱ्याने पुन्हा भडकली. 2018 मध्ये हरिकेन लेनच्या वेळीही लाहैनात असाच वणवा लागला होता, लाहैना स्ट्राँग हे नाव तेव्हापासूनचं आहे. म्हणजे पाच वर्षं आधी इशारा मिळाला होता. ते गवत दरवर्षी काढायचं, मेंढ्या-बकऱ्या सोडायच्या, जुनी देशी झाडं परत लावायची, हे काम पंचवीस वर्षं न थांबता करावं लागणार. त्याला पैसे द्यायला डिनरमध्ये कोणी पाटी वर करत असेल तर माझा डिनरला अजिबात विरोध नाही. पण पाटी वर होते ती जळलेल्या घराचा फोटो दाखवल्यावर, गवताचा फोटो बघून नाही.

केतकी_फ्रीमाँट
सगळ्यांचं वाचलं. शेड्यूल जी काढून बघितलं, अभिजित म्हणतात तसं त्यात जमा-खर्च नीट दिलाय आणि खर्च अवाच्या सवा नाहीये, हे सांगायलाच हवं. पण माझी हरकत मुळात जेवणाच्या खर्चावर नव्हतीच. मी आयोजकांना मेल टाकलाय की या संध्याकाळचा पैसा कोणाला द्यायचा ते ठरवणारी जी ग्रँट कमिटी असेल तिच्यात निदान निम्मी माणसं लाहैनाची घ्या, नुसती सल्लागार म्हणून नाही तर मताचा अधिकार असलेली. हो म्हणाले तर मी जाईन आणि ऑफिसमधल्या अजून चौघांना घेऊन जाईन. नाही म्हणाले तर तेच 500 डॉलर मी थेट तिकडच्या केंद्राला देईन.

अभिजित_दे
केतकी, कुठलंही जबाबदार बोर्ड ही अट मान्य करणार नाही आणि करूही नये. ज्यांच्या संस्थांना ग्रँट मिळणार तेच कमिटीत बसून मत देणार? उद्या कोणी बोट दाखवलं तर सगळ्यात आधी त्या स्थानिक लोकांचंच नाव खराब होईल. त्यांचं भलं बघायचं म्हणून त्यांना या लफड्यापासून लांब ठेवायला हवं.

केतकी_फ्रीमाँट
त्याला नियम असतो ना, ज्याच्या संस्थेचा अर्ज असेल त्याने त्या अर्जाच्या वेळी बाहेर बसायचं. इथल्या शहरांच्या समित्यांत रोज होतं ते. फक्त लाहैनाच्या माणसांवर विश्वास ठेवायची वेळ आली की आपल्याला नियम आठवत नाहीत.

अभिजित_दे
विश्वासाचा प्रश्नच नाहीये. छोट्या गावात सगळेच सगळ्यांचे नातेवाईक, प्रत्येक अर्जाला कोणीतरी बाहेर बसणार, शेवटी खोलीत मत द्यायला कोण उरणार? मी सल्लागार समितीपर्यंत यायला तयार आहे, त्यापुढे नाही.

वायलुकूकर
सल्लागार असो नाहीतर मताचे असो, बैठक लाहैनात घ्या, झूमवर नको, आणि सकाळी 10 ला अजिबात नको, तेव्हा हॉटेलवाले सगळे ड्यूटीवर असतात. संध्याकाळी 7 नंतर ठेवा, इलोकानो समजणारा एक माणूस बसवा, आणि मुलांना सांभाळायची सोय करा. केतकी, अजून एक मेल टाकणार असाल तर हे त्यात घाला.