जोत्याच्या कडेचा उघडा फोम : गिलावा करावा, बोर्ड लावावा की पत्रा?

नमस्कार,

आमचे घर जमिनीवर थेट ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभे आहे आणि त्या स्लॅबच्या उभ्या कडेला बाहेरून ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन) या उष्णतारोधक फोमचे तक्ते चिकटवलेले आहेत. तक्त्यांचा बराचसा भाग मातीखाली आहे, परंतु भिंतीचे आवरण जिथे संपते तिथपासून जमिनीपर्यंतचा सुमारे २०० मिलिमीटरचा पट्टा उघडा आहे. स्लॅबमधली ऊब सर्वाधिक याच कडेतून बाहेर जाते, त्यामुळे फोम काढून टाकण्याचा विचार नाही; तो टिकवायचा आहे.

उन्हाच्या बाजूला फोमचा निळा रंग जाऊन तो पिवळट पडला आहे आणि त्यावरून बोट फिरवल्यास बारीक भुकटी हाताला लागते. सावलीतला फोम मात्र जसाच्या तसा आहे, यावरून हे काम अतिनील किरणांचे आहे हे स्पष्ट दिसते. कोपऱ्यांवर गवत कापण्याच्या यंत्राच्या दोरीने खाचाही पाडल्या आहेत.

पत्रा लावणे सर्वांत झटपट, पण त्याला पोचे लवकर पडतात, आणि ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटच्या संपर्कात आले तर गंजते. फायबर सिमेंटचे बोर्ड मजबूत असले तरी ते सामान्यतः मातीला टेकवू नयेत असे सांगितले जाते, आणि वर उचलून लावले तर खाली फोमची पट्टी पुन्हा उघडीच राहते. म्हणून अल्कलीरोधक फायबरग्लासची जाळी बसवून त्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटचा पातळ गिलावा करावा आणि तो मातीखाली १०० ते १५० मिलिमीटर उतरवावा, याकडे माझा कल आहे. एक्सपीएसच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गिलावा नीट धरत नाही, तेव्हा भुकटी झालेला थर काढून तक्ते तारेच्या ब्रशने खरवडून घ्यावे लागतील, हे मी गृहीत धरले आहे. द्रावक असलेले चिकटद्रव्य आणि तशाच प्रकारचा डांबरी लेप पॉलिस्टायरीन विरघळवतात, म्हणून ते दोन्ही वर्ज्य.

खरी काळजी वाळवीची आहे. फोम हे तिचे खाद्य नाही, परंतु ती त्यातून सहज वाट कोरते, आणि वर गिलावा असला तर मातीपासून भिंतीच्या लाकडी सांगाड्यापर्यंतचा तिचा मार्ग आपल्याला दिसतही नाही. अशा वेळी फोमच्या माथ्यावर, स्लॅबच्या कडेपर्यंत आत जाणारी सलग धातूची पट्टी बसवली, तर वाळवीला बाहेरून वळसा घालावा लागेल आणि तिचे मातीचे बोगदे नजरेस पडतील, असे मला वाटते. तीच पट्टी झेडच्या आकारात वाकवून तिचा वरचा काठ भिंतीच्या जलरोधक पडद्यामागे सरकवला, तर पावसाचे पाणीही फोमच्या मागे जाणार नाही.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे : भिंतीचे आवरण न काढता ही पट्टी आत सरकवता येते का? दोन तक्त्यांच्या सांध्यांवर जाळीचा जादा पट्टा दिल्यानंतरही गिलाव्याला तडे गेले का? आणि तळाशी मातीऐवजी खडीचा पट्टा ठेवल्याने गिलाव्याच्या खालच्या कडेचे आयुष्य वाढल्याचा कोणाचा अनुभव आहे का?