लॅब आणि टेस्ट सर्व्हर यांच्यामधल्या फायरवॉलवर अधूनमधून लेटन्सी (उत्तर येण्यास लागणारा वेळ) वाढते; कारण कसे शोधावे?

प्रश्न : लातूर

नमस्कार. लातूरच्या एका शिकवणी वर्गाच्या संगणक लॅबचे नेटवर्क माझ्याकडे आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर होत असल्याने सराव चाचण्याही आम्ही संगणकावरच घेतो. त्यासाठीचा सर्व्हर इमारतीतच ठेवलेला असल्यामुळे चाचणीचा इंटरनेटशी काहीही संबंध येत नाही. लॅब, सर्व्हर आणि कार्यालय अशी तीन वेगळी व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी विभाग) आहेत आणि त्यांच्यामधली सगळी ये-जा पीएफसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर बसवलेल्या, चार कोअरच्या, बिनपंख्याच्या एका छोट्या मशीनमधून होते. इंटरनेटसाठी स्थानिक ऑपरेटरची फायबर जोडणी आहे आणि ती बंद पडल्यास फोर-जी राउटरवर आपोआप जाण्याची सोय केलेली आहे.

एरवी लॅबमधून सर्व्हरला पिंग (उत्तराची वेळ मोजणारा छोटा संदेश) केल्यास उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येते. परंतु दिवसातून कित्येकदा, कोणतीही ठरावीक वेळ नसताना, हा आकडा काही सेकंदांसाठी हजार-दोन हजार मिलिसेकंदांपर्यंत चढतो आणि मग सर्व काही पूर्ववत होते. बऱ्याचदा असे दोन झटके साधारण मिनिटभराच्या अंतराने जोडीने येतात. फायरवॉलच्या आलेखात प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्या वर गेलेला दिसत नाही, मेमरीही मोकळी आहे. चाचणी चालू असताना विद्यार्थ्याने उत्तर नोंदवले आणि नेमका त्याच क्षणी पडदा गोठला, तर घड्याळ मात्र पुढे सरकत राहते. मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे, म्हणून शोध कोठून सुरू करावा, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : नांदेड

आपण दिलेल्या माहितीवरून फायरवॉलकडे बोट दाखवण्याआधी दोष तिच्यातच आहे, याची खात्री करून घ्यावी लागेल. लॅबमधील एका संगणकावरून एकाच वेळी तीन पिंग चालू ठेवा : एक त्याच व्हीलॅनमधल्या दुसऱ्या संगणकाला, एक फायरवॉलच्या लॅबकडील पत्त्याला आणि एक सर्व्हरला. प्रत्येक ओळीवर वेळेची नोंद पडेल असा पर्याय वापरा, कारण पुढे सगळा भर या वेळेवरच राहणार आहे. संगणकाचे आणि फायरवॉलचे घड्याळ एकाच एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवलेले असावे. पहिल्या पिंगमध्येही झटका दिसला तर दोष स्विच, केबल किंवा एखाद्या लूपमध्ये (फिरून स्वतःकडेच येणाऱ्या जोडणीत) शोधावा लागेल. पहिली पिंग शांत राहून उरलेल्या दोन्ही एकदम वाढल्या, तर फायरवॉलकडे वळता येईल.

प्रोसेसरच्या आलेखावर विसंबू नका. चारपैकी एक कोअर चार सेकंद पूर्ण व्यापलेला राहिला, तरी एका मिनिटाच्या सरासरीत तो दोन टक्क्यांहून कमीच दिसतो. त्याऐवजी फायरवॉलच्या शेलमध्ये टॉप ही आज्ञा सर्व थ्रेड वेगवेगळे दाखवणाऱ्या पर्यायासह चालू ठेवा आणि झटका येईल त्या क्षणी सर्वांत वर कोणती प्रक्रिया आहे ते टिपून घ्या.

उत्तर : जालना

वरील सूचनेला दुजोरा देऊन एक भर घालतो. बिनपंख्याचे मशीन कोठे ठेवले आहे ते पाहावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या किंवा पोटमाळ्यावरच्या खोलीत असे मशीन हात लावता येणार नाही इतके तापते आणि मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. आमच्या कारखान्यात रोलिंग मिलच्या शेडलगत ठेवलेल्या एका स्विचच्या बाबतीत असेच घडत होते. तापमान फायरवॉलच्या डॅशबोर्डवर पाहता येते. मात्र उष्णतेने मंदावलेले यंत्र दुपारभर मंद राहते, चार सेकंदांत सावरत नाही, त्यामुळे आपल्या लक्षणांशी हे पूर्णपणे जुळत नाही, हेही नमूद करतो. पोर्टवरील एररचे आकडे आणि ऊर्जाबचतीचा ईईई हा पर्याय मात्र तपासून मोकळे व्हावे.

प्रश्नकर्ता : लातूर

सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. लॅबमधल्या लॅबमध्ये केलेली पिंग पूर्ण वेळ एक मिलिसेकंदाच्या आत राहिली. फायरवॉलकडची आणि सर्व्हरकडची पिंग मात्र एकाच सेकंदाला वाढतात आणि एकाच सेकंदाला उतरतात. तापमान साठ अंशांच्या आत असून पोर्टवर एकही एरर नाही. टॉपमध्ये झटक्याच्या वेळी पीएफसीटीएल ही प्रक्रिया एक कोअर पूर्ण व्यापताना दिसली. फायरवॉलच्या गेटवे-नोंदी (बाहेर जाण्याच्या वाटांवरील देखरेखीच्या नोंदी) त्या वेळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक जोडीतल्या पहिल्या झटक्याच्या वेळी फायबरच्या गेटवेला अलार्म लागल्याची आणि दुसऱ्याच्या वेळी तो अलार्म निघाल्याची नोंद सापडली. इंटरनेटशी संबंध नसलेली चाचणी इंटरनेटच्या तुटण्याने का अडावी, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.

उत्तर : नांदेड

आता कारण स्पष्ट झाले आहे. पीएफसेन्समध्ये गेटवेवर लक्ष ठेवणारी डीपिंगर ही सेवा मूळ मांडणीनुसार दर ५०० मिलिसेकंदांनी एक पिंग पाठवते आणि मागच्या ६० सेकंदांची सरासरी काढते. या साठ सेकंदांत २० टक्के पॅकेट (पाठवलेले संदेश) गळाले की गेटवे बंद पडला असे ती ठरवते. साठ सेकंदांचे वीस टक्के म्हणजे बारा सेकंद, म्हणजे फायबरची जोडणी सुमारे बारा सेकंद तुटली तरी अलार्म लागतो. जोडणी परत आल्यावर अलार्म लगेच निघत नाही, कारण तुटलेला काळ त्या साठ सेकंदांच्या हिशेबातून हळूहळू बाहेर पडावा लागतो. वीस सेकंदांची तूट धरली, तर अलार्म लागणे आणि निघणे यांत सुमारे छप्पन्न सेकंदांचे अंतर पडते. आपल्या झटक्यांच्या जोडीचा उलगडा येथे होतो.

अलार्म लागला वा निघाला की बाहेर जाणारी वाहतूक दुसऱ्या गेटवेवर वळवण्यासाठी फायरवॉल आपला संपूर्ण नियमसंच नव्याने भरते; आपल्याला टॉपमध्ये दिसलेली पीएफसीटीएल हेच काम करत होती. पीएफमध्ये (पीएफसेन्समधील पॅकेट तपासणाऱ्या भागात) जाणारे प्रत्येक पॅकेट नियमसंचाचे वाचनापुरते कुलूप घेते आणि नियम बदलणारी प्रक्रिया लेखनाचे कुलूप घेते. लेखन चालू असेपर्यंत वाचणाऱ्यांना थांबावे लागते. हे कुलूप सर्व व्हीलॅनसाठी एकच असल्याने लॅबमधून सर्व्हरकडे निघालेले पॅकेटही त्याच रांगेत अडकते. नियम थोडे असतील तर ही थांबणूक जाणवतही नाही; मात्र लाखो पत्त्यांच्या याद्या नियमांना जोडलेल्या असतील तर ती सेकंदांत जाते. मार्च २०२० मध्ये आलेल्या २.४.५ या आवृत्तीत मोठ्या याद्यांचा हा त्रास फार वाढला होता आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या २.४.५-पी१ मध्ये तो दुरुस्त केला गेला. आपली आवृत्ती नवी असली तरी याद्या मोठ्या असतील तर भार राहतोच.

म्हणून डायग्नोस्टिक्समधील टेबल्स या पानावर प्रत्येक यादीत किती नोंदी आहेत ते पाहा. देशनिहाय पत्ते अडवणाऱ्या याद्या आपण लावल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. बाहेरून आत येण्यासाठी आपण एकही पोर्ट उघडलेले नसेल, तर त्या याद्यांचा आत येणाऱ्या वाहतुकीसाठी काहीच उपयोग नाही, कारण वॅनवर (इंटरनेटकडील बाजूवर) परवानगी न दिलेले सर्व काही मुळातच अडवले जाते. तेच बोगॉन (इंटरनेटवर दिसू नयेत अशा पत्त्यांच्या) याद्यांचे : आयपीव्ही६ साठीची बोगॉन यादी एकटीच लाखाच्या पुढे जाते आणि आपल्याकडे आयपीव्ही६ वापरातही नसेल.

उत्तर : परभणी

निदान अचूक आहे. यावर उपाय म्हणून अनेकजण गेटवेच्या पानावरील देखरेखीची कृती बंद करणारी खूण लावून टाकतात. ती कृपया लावू नये. तिने झटके थांबतील, पण फायबर खरोखर तुटेल तेव्हा फायरवॉल फोर-जीवर जाणार नाही आणि कार्यालयाचे काम ठप्प होईल. आपल्या भागात डीपीचा एखादा फेज गेला की ऑपरेटरच्या चौकातल्या बॉक्समधील उपकरण इन्व्हर्टरवर जाताना पुन्हा सुरू होते आणि तेवढा वेळ सगळी गल्ली इंटरनेटविना राहते. अशा छोट्या तुटी रोजच्या आहेत. त्यांच्यासाठी गेटवेच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत पॅकेट गळतीची वरची मर्यादा २० वरून ४० टक्के करावी, म्हणजे अलार्म लागायला चोवीस सेकंद लागतील. शिवाय देखरेखीचा पत्ता (ज्याला डीपिंगर पिंग पाठवते तो) ऑपरेटरचा गेटवे न ठेवता १.१.१.१ किंवा ८.८.८.८ यांसारखा ठेवावा, कारण व्यग्र असताना ऑपरेटरचा राउटर पिंगला उत्तर देणे टाळू शकतो आणि जोडणी ठीक असतानाही गळती दिसते.

याहून महत्त्वाचे माझे मत असे की ज्या वाहतुकीवर परीक्षा अवलंबून आहे, ती फायरवॉलमधून नेऊच नये. स्विच लेयर-३ चा (स्वतः राउटिंग करू शकणारा) असेल तर लॅब आणि सर्व्हर यांच्यामधले राउटिंग त्याच्याकडे द्यावे आणि एसीएल (परवानग्यांची यादी) लावून सर्व्हरचे फक्त चाचणीचे पोर्ट लॅबसाठी मोकळे ठेवावे. साधी एसीएल फायरवॉलसारखी जोडणीची स्थिती लक्षात ठेवत नाही, म्हणून परतीच्या पॅकेटांसाठी वेगळी परवानगी लिहावी लागते. पहिल्याच दिवशी बहुतेकांचे काम तेथे अडते. सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड लावून लॅबच्या व्हीलॅनमध्ये पाय ठेवण्याचा मार्ग सोपा दिसतो, परंतु त्यात पॅकेट एका वाटेने जाऊन उत्तर दुसऱ्या वाटेने आले की फायरवॉल ती जोडणी अर्धवट समजून तोडते. तो मार्ग घेऊ नये.

प्रश्नकर्ता : लातूर

दोघांचेही मनापासून आभार. टेबल्सच्या पानावर देशनिहाय याद्या आणि आयपीव्ही६ ची बोगॉन यादी मिळून नोंदी कित्येक लाखांवर गेल्या होत्या. आमच्याकडे बाहेरून उघडे असे एकही पोर्ट नाही, म्हणून त्या काढल्या आणि लॅबमधून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीसाठीची धोकादायक पत्त्यांची एक छोटी यादी तेवढी ठेवली. गळतीची मर्यादा ४० टक्के केली आणि देखरेखीचा पत्ताही बदलला. त्यानंतर फायबरची तार मुद्दाम काढून ठेवून अलार्म लागू दिला, तेव्हा फोर-जीवर जाणे व्यवस्थित झाले आणि लॅब-सर्व्हर पिंगमध्ये फक्त एक उत्तर पंचवीस मिलिसेकंदांचे आले, पुढचे पुन्हा एकाच्या आत.

स्विच लेयर-३ चा आहे, परंतु त्यावरचे राउटिंग चालू करण्यासाठी सर्व व्हीलॅनचे गेटवे-पत्ते हलवावे लागतील. चाचण्या चालू असताना ते करणे योग्य वाटत नाही, म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत ठेवले आहे. परभणीच्या सरांना एक विनंती आहे. चाचणीचे सॉफ्टवेअर वेब पोर्टशिवाय निकालाच्या छपाईसाठी लॅबमधल्या प्रिंटरकडे सर्व्हरवरून उलटी जोडणीही करते. एसीएलमध्ये ही दिशा कशी लिहावी, याचा एक नमुना आपण दिल्यास सुट्टीच्या आधी तो मी सुट्या स्विचवर तपासून ठेवीन.